लाल फोल्डरमधलं फूल

३ सप्टेंबर

आज परत डोंगर. परत काही नाही. हे सव्विसावं वर्ष.

साडेसहाला कॉलेजच्या मागच्या फाटकातून निघाले. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, यंदा पण?" म्हटलं, यंदा पण. ह्याच्या आधीचा पहारेकरीही हेच विचारायचा, त्याच्या आधीचाही. मला वाटतं नोकरीवर रुजू होताना त्यांना किल्ल्यांबरोबर हा प्रश्नही देत असावेत.

सुरूच्या झाडांच्या रांगेपर्यंत धाप लागली नाही. पुढे लागली. वरच्या कातळावर गुडघे टेकून दोन तास बघितलं, वीतभर जागा सोडली नाही. निळी, ते साधं रानरोप, मात्र चहूकडे. ती सगळीकडे असतेच, तिला कोण विचारतं! माझी हवी होती — निळीसारखंच फूल, पण पानं केसाळ आणि कडेनं कातरलेली. एकदाच सापडली, एकाच जागी, एकाच दिवशी. त्यानंतर जगात कुणालाच नाही.

उतरताना ढग खाली आला. डोंगरावरून आमचं कॉलेज फार देखणं दिसतं, दगडी कमानी, घड्याळाचा मनोरा, त्यावर घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या. आत गेलं की गळकं छत दिसतं.

सत्तावीस दिवस राहिले निवृत्तीला.

६ सप्टेंबर

चष्मिषनं हर्बेरियममध्ये स्कॅनर आणून बसवला. चष्मिष म्हणजे माझ्या जागी येणारी मुलगी. एकोणतीस वर्षांची, चष्मा माझ्यापेक्षा जाड. दीडशे वर्षांत इथं जितकी झाडंपानं वाळवून कागदावर चिकटवली, त्या सगळ्यांचे फोटो आता जगाला दिसणार. मोठे करून. इतके मोठे की पानावरची लव मोजता येते.

"तुमची शीट सगळ्यात शेवटी घेऊ मॅडम, थाटात," म्हणाली.

तिला कपाटं समजावून सांगितली. साध्या शीट तपकिरी फोल्डरमध्ये. नवी जात जाहीर करताना जो नमुना पुरावा म्हणून ठेवतात, तो लाल फोल्डरमध्ये. आमच्याकडे लाल फोल्डर एकच. माझं. शीट बाहेर कुणाला अभ्यासाला दिली तर तिच्या जागी उसनवारीचं कार्ड, त्यावर नेणाऱ्याचं नाव. आणि कुणाचं मत वेगळं पडलं तर शीटवर छोटी चिठ्ठी डकवायची — मत, सही, तारीख. जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. चुकीची असली तरी नाही. नवी तिच्याखाली.

"म्हणजे भांडण कायमचं जपून ठेवायचं," चष्मिष म्हणाली. मला हसू आलं. आज दिवसभरात तेवढंच.

८ सप्टेंबर, रविवार

भावाचा फोन. दर रविवारी अकराला करतो, हजेरी घेतल्यासारखा. "ताई, क्वार्टर सोडल्यावर सरळ इकडे ये. वरची खोली रिकामीच आहे." मागून वहिनीचा आवाज, "खोलीतली शिलाई मशीन हलवायला लागेल." म्हणजे खोली तितकीशी रिकामी नाही.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, शुक्रवार संध्याकाळपासून मी पहिल्यांदाच बोलत होते. आवाज घोगरा झाला होता.

होस्टेल रिकामं. सुट्टीच्या दिवशी कॉलेजात खारींचं राज्य असतं. एक खार खिडकीत येऊन माझ्याकडे बघत बसली होती. बराच वेळ. तिलाही दुसरा उद्योग नसावा.

१० सप्टेंबर

प्राचार्यांनी बोलावलं. अठ्ठावीसला कॉलेजचा दीडशेवा वर्धापनदिन. त्यातच माझा निरोप. "दोन्ही एकदम उरकू," म्हणाले, मग जीभ चावली. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या वनस्पतीचं चित्र. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरही. हर्बेरियमच्या दारावर पितळी पाटी, तिच्यावर तिचं नाव.

तिचं नाव म्हणजे आईचं नाव. मी ठेवलं.

काय सांगू, खोलीवर येऊन रडले. सुखानंच. आईची एकुलती एक खूण राहिली आहे ती ही. घर विकलं, दागिने वहिनीकडे, फोटो पुसट झालेत. पण त्या लॅटिन नावात आई पक्की बसली आहे, कुणी हलवू शकत नाही.

११ सप्टेंबर, सकाळी आठ

सापडली! सव्वीस वर्षांनी सापडली. डोंगरावर नाही, आमच्या डिपार्टमेंटच्या पायरीशी!

११ सप्टेंबर, दुपारी

आता सगळं क्रमानं लिहिते.

समारंभासाठी माळ्यानं महिन्यापूर्वी पायऱ्यांलगतची झुडपं पार बुंध्यापर्यंत छाटली होती. मी भांडलेही होते त्याच्याशी. आज सकाळी जाताना बघते तो कोवळे फुटवे, आणि त्यांना तीच पानं. केसाळ, कडेनं कातरलेली. सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून शोधली ती पानं. पायरीवरच फतकल मारून बसले. एक विद्यार्थिनी विचारत होती, मॅडम, चक्कर आली का?

आनंद किती टिकला? असेल दहा मिनिटं.

मग नजर बुंध्याकडे गेली. फुटवे त्याच झुडपाचे होते. रोज ज्याच्याशेजारून जाते त्या झुडपाचे. मोठेपणी ह्याची पानं जाड, गुळगुळीत, चकचकीत. पण रोप असताना किंवा छाटल्यावर नवं फुटताना पानं अगदी वेगळी — केसाळ, कातरलेली. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः शिकवते की काही झाडांची लहानपणीची पानं निराळी असतात!

धावत वर गेले. लाल फोल्डर काढलं. भिंगाखाली धरलं. जिथं फूल देठाला मिळतं तिथं सांधा नाही. डिंक आहे. सुकलेल्या डिंकाचा पिवळा थेंब.

पानं ह्या झुडपाच्या रोपाची, पाखरांनी बी डोंगरावर नेलं असणार. फुलं निळीची. एकाच वर्तमानपत्रात दोन्ही दाबली, निळीची फुलं गळून रोपावर चिकटली, आणि मी वरून डिंक लावून पक्की केली. नवी जात! अशी वनस्पती नाहीच. नव्हतीच कधी. मी सव्वीस वर्षं नसलेल्या झाडाला शोधत डोंगर चढले.

१२ सप्टेंबर

चूक कशी झाली ते मला पक्कं आठवतं. घाई. आई हॉस्पिटलमध्ये होती. डॉक्टर म्हणाले होते, फार तर तीन महिने. मला तिचं नाव छापलेलं तिला दाखवायचं होतं. वर्षभर थांबून परत त्या जागी जायला हवं होतं, ताजं फूल बघायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. मी नाही थांबले.

लेख छापलेला अंक आला तेव्हा आईनं छापलेल्या नावावरून बोट फिरवलं. म्हणाली, "माझं नाव गवताला?" म्हटलं, गवत नाही गं, फूल आहे. हसली. अकरा दिवसांनी गेली.

ते नाव मी कसं खोडू?

१३ सप्टेंबर

आज मी चोरी केली. स्वच्छ शब्दांत लिहिते, निदान इथे तरी.

चष्मिष जेवायला गेली तेव्हा शीट काढली, मोठ्या पाकिटात घातली आणि खोलीवर आणली. आता पलंगाखालच्या बॅगेत आहे. तिच्या जागी उसनवारीचं कार्ड ठेवलं. कार्डावर नाव तर हवं. पेन टेकवलं आणि हात आपोआप टोळीचं, माझ्या जुन्या मैत्रिणीचं, नाव लिहून गेला. तिचं पूर्ण नाव, तिच्या कॉलेजचं नाव, तारीख गेल्या वर्षीची.

सव्वीस वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं ते नाव. वळण अजून तसंच येतं.

विचार इतकाच होता की समारंभ होईपर्यंत शीट स्कॅनरखाली जाऊ नये. पुढचं पुढे. अक्कल गहाण टाकली की माणूस असंच म्हणतं.

१५ सप्टेंबर, रविवार

भावाला म्हटलं, बरी आहे. दिवसभर खोलीतच. बॅगेकडे पाठ करून बसले.

टोळीची आठवण येतेय, सारखी. आम्ही दोघी एकाच साली इथं लागलो, एकाच खोलीत राहिलो. ती डोंगरावर उड्या मारत चढायची म्हणून टोळ. मी मागून घासत यायची म्हणून गोगलगाय. तिला आई नव्हती, लहानपणीच गेलेली. माझी आई डबा पाठवायची तो दोघींचा, त्यात आंबट काही असलं तर ते टोळीसाठी वेगळं बांधलेलं. टोळ तिला आईच म्हणायची.

त्या दिवशी डोंगरावर आम्ही दोघीच होतो. लेखावरही दोघींची नावं होती. पाठवायच्या पाच दिवस आधी टोळ प्रयोगशाळेत आली आणि म्हणाली, "माझं नाव काढ." विचारलं, का? "काढ म्हणते ना." तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर.

मग मी बोलले. जे बोलले ते आजवर ह्या वहीतही लिहिलं नाही. म्हणाले, "माझ्या आईचं नाव दिलं म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. तुला आई नाही ना, त्याचा हा जळफळाट."

तिनं छत्री उचलली आणि गेली. सत्र संपताच दुसऱ्या गावच्या कॉलेजात. आई गेल्यावर तिचं कार्ड आलं होतं, मी उत्तर दिलं नाही. मी काही दगडाची नाही, पण त्या दिवसांत होते.

१७ सप्टेंबर

संपलं सगळं. चष्मिष सकाळीच सांगत आली, "मॅडम, तुमची शीट बाहेर गेलीय! गेल्या वर्षीच. काळजी करू नका, मी कालच त्या मॅडमना ई-मेल टाकलाय, ताबडतोब परत पाठवा म्हणून. कार्डाचा फोटोसुद्धा जोडलाय."

इतकी तत्पर पोरगी कुठून शोधून आणली ह्या लोकांनी!

म्हणजे टोळीनं ते कार्ड पाहिलं. माझ्या अक्षरात तिचं नाव. न नेलेल्या शीटची उसनवारी तिच्या डोक्यावर. आता ती कळवणार, असली शीट माझ्याकडे कधी आलीच नाही. तिनं तसंच कळवावं. तिचा हक्क आहे.

जेवले नाही.

१८ सप्टेंबर

उत्तर नाही. पाकोळ्यांची पिल्लं कमानीतून पडू नयेत म्हणून कुणीतरी खाली जाळी बांधलीय. तास घेताना सगळं लक्ष तिकडे. पोरांना एकच व्याख्या दोनदा सांगितली. त्यांनी दोन्ही वेळा लिहून घेतली.

१९ सप्टेंबर

उत्तर आलं. चष्मिषनं मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा मी खुर्चीची पाठ धरून उभी होते.

"शीट माझ्याकडेच आहे. परत करायला उशीर झाला, चूक माझी. महिनाअखेर पाठवते. ह्यासाठी मॅडमना त्रास देऊ नये."

बस, इतकंच.

"बघा, मिळाली की नाही," चष्मिष म्हणाली. "पण जरा निष्काळजीच दिसतात ह्या बाई."

निष्काळजी! पोरीला काय सांगू. जिला मी तसलं बोलले, ती माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन बसली. एका शब्दानं न विचारता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, अगदी शीट खोटी निघाली तेव्हाही नाही.

२० सप्टेंबर

सुरूच्या रांगेत दोन तास बसले. तिथं वारा सतत बोलत असतो, म्हणून माणसाला बोलावं लागत नाही.

माझी चूक एकीनं झाकलीय, ती निष्काळजी ठरली. महिनाअखेर ती काय पाठवणार आहे? शीट तर माझ्या पलंगाखाली.

२१ सप्टेंबर

सांगितलं.

बॅगेतून पाकीट काढलं, हर्बेरियममध्ये गेले, चष्मिषच्या टेबलावर शीट ठेवली. म्हटलं, ही कुठंच गेली नव्हती. कार्ड मी खोटं लिहिलं. त्या बाईंचा काही संबंध नाही. आणि हे फूल ह्या देठाचं नाही.

तिनं शीट स्कॅनरखाली घेतली. पडद्यावर डिंकाचा थेंब मडक्याएवढा दिसला.  मग चष्मा काढून पुसला. "मॅडम, चहा घ्याल?"

चहा पिताना ती रडत होती, मी नाही. म्हणाली, "मी ह्या विषयाला आले ते तुमची ती वनस्पती पाठ्यपुस्तकात वाचून."  तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणाच्या पाठीवर हात ठेवायची सवय राहिली नाही, अवघडल्यासारखा ठेवला गेला.

"चिठ्ठी कोण लावणार?" तिनं विचारलं. म्हटलं, मीच.

आता शीटवर नवी चिठ्ठी आहे: पानं झुडपाच्या रोपाची, फुलं निळीची. मिसळ. जात रद्द करावी. खाली माझी सही. वरची जुनी चिठ्ठीही माझीच, तिच्यावर आईचं नाव. ती काढायची नाही. नियमच आहे तसा, आणि आज पहिल्यांदा त्या नियमाचे उपकार वाटले.

२३ सप्टेंबर

प्राचार्य. "आत्ता सांगताय? पत्रिका वाटून झाल्या, बाई! पाटी घडवून आली!" मग समजुतीच्या सुरात, "फंक्शन होऊ द्या. सव्वीस वर्षं खपलं, अजून पाच दिवस खपेल."

नाही म्हटलं. मी त्यांना उभ्या जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं, तेच जास्त दचकले.

२८ सप्टेंबर

झाला समारंभ. मुखपृष्ठावर ती होतीच, कधी नसलेली. बोलायला उठले, सरळ सांगून टाकलं. कशी चूक झाली, कुणाची, का. हॉस्पिटल, घाई, सगळं. समोर चारशे लोक. मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, अर्ध्यात थांबवली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. मलाही नसतं कळलं.

पाटी लागली नाही. पुढच्या रांगेत भाऊ बसला होता. घरी जाताना इतकंच म्हणाला, "आईला चाललं असतं ताई." मग थोड्या वेळानं, "शिलाई मशीन हलवलीय."

२९ सप्टेंबर, रविवार

सामान बांधलं. खोक्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, सवयीनं तारखेसकट. पुस्तकं चष्मिषला. डोंगराचे बूट कुणाला देणार, कचऱ्यात टाकले. परत काढून घेतले.

आईची माफी मागितली. मोठ्यानं, रिकाम्या खोलीत. घर सोडताना भिंतींशी बोलतात म्हणे लोक, मी तर इथं आयुष्यभर तेच केलं.

३० सप्टेंबर

टोळीचं पार्सल आलं. आत एक शीट. निळी — त्याच डोंगरावरची, त्याच दिवशीची, तिच्या हातची. शेंड्यांना फुलं नाहीत, नुसते तुटके देठ. खाली चिठ्ठी: "ह्याची फुलं गळून शेजारच्या रोपाला चिकटली. नवी जात नाही." सही. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची — 'माझं नाव काढ' म्हणाली त्याच्या आदल्या दिवसाची.

मागे पेन्सिलनं, ताज्या अक्षरात, एकच ओळ. "गोगलगाय, आईनं नाव वाचलं ना गं?"

वाचलं टोळी. बोट फिरवून वाचलं. हसली.